पेटीवरचं दहावं कुलूप

मास्तरांच्या खाटेशेजारच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यातल्या प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा. बासष्ट. अठ्ठावन्न. पासष्ट. एका मंगळवारी एकोणचाळीस आणि त्याखाली दोन रेघा. मी त्या खोलीत राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी ते आकडे मला खटकले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, रक्तातली साखर असेल, डॉक्टरने लिहायला सांगितलं असेल. पण साखर एकोणचाळीसवर आलेला माणूस संध्याकाळी सहा माणसांच्या चपात्या लाटत उभा राहत नाही, एवढं मलाही कळतं.

मी मूळचाच संशयी. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. आमच्या गुहागरकडे कुणी 'काय, बरा मा?' असं जरा जास्तच गोड विचारलं की ह्याला आज काय हवंय, हे आधी बघतात. माझ्यात ते दोन चमचे जास्त उतरलं. आई म्हणायची, ह्याला साक्षात देवाने प्रसाद दिला तरी हुंगून मग तोंडात टाकेल. माझ्या स्वतःच्या लग्नपत्रिकेतली तारीख मी पंचांगात पुन्हा जाऊन बघितली होती. वार चुकलेला निघाला, हे मात्र कुणी सांगत नाही.

तर मास्तर. कागलकडचे, पन्नाशी उलटलेले, सौदीत दम्मामच्या बाहेर आमचा कॅम्प होता तिथे पाइप फिटरांचे फोरमन. शाळेत कधी शिकवलं नव्हतं. मास्तर हे नाव पडलं ते सतत परीक्षा देत म्हणून. रिगिंगची, म्हणजे जड वजन बांधून उचलायची परीक्षा, मचाण तपासायची परीक्षा, प्रथमोपचार, आग विझवणं, फोर्कलिफ्ट. एकेक कोर्स पास झाला की हेल्मेटवर चिकटवायला स्टिकर मिळतो. आमच्या हेल्मेटांवर दोन-तीन असायचे, त्यांच्या हेल्मेटचा मूळ रंग कोणता हे सांगता आलं नसतं. फोर्कलिफ्टच्या परीक्षेत त्यांनी पाण्याचा कूलर आडवा केला. क्रेनला इशारे देण्याच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले, कारण बोलताना त्यांचे हात गप्प बसत नाहीत आणि क्रेनवाल्या पठाणाला कळेचना की वजन वर घ्यायचं की मास्तर काही गोष्ट सांगतायत. तिसऱ्यांदा फॉर्म भरला.

"कशाला हो मास्तर?" मी विचारलं. "ह्या वयात?"

"रिकामा दिवस लई जड असतोय, मर्दा," ते म्हणाले. "सांजच्याला उचलवत न्हाई."

बसमध्ये साइटवर जाताना ते पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरचे अरबी आकडे मोठ्याने वाचत. बाथरूमच्या दाराला आतून इंग्रजी शब्दांची यादी चिकटवलेली, रोज नवी. आतला माणूस बाहेर येईपर्यंत चार शब्द शिकूनच यायचा, मर्जी असो वा नसो. संत्रं सोलताना साल एकसंध निघाली पाहिजे. तुटली की ते संत्रं दुसऱ्याला देऊन नवीन घ्यायचे. त्यामुळे आम्हाला फुकट संत्री मिळायची हे खरं, पण मी विचार करायचो, हा माणूस स्वतःशी कसली शर्यत लावून बसलाय? आणि जिंकला तर ह्याला कोण काय देणार आहे?

शुक्रवारी सुट्टी. कॅम्पातला शुक्रवार म्हणजे कपडे धुणं, केस कापणं आणि घरी फोन. मास्तर त्या दिवशी रंगाचा रिकामा डबा पालथा घालून कुणाच्यातरी समोर बसायचे आणि नुसते बघायचे. धुणाऱ्याकडे बघ, चपला शिवणाऱ्याकडे बघ. मग मध्येच विचारायचे, "तुला काय येतं ते न्हाई विचारत. काय केल्यावाचून राहवत न्हाई, ते सांग." माणूस गांगरायचा. काहीतरी उत्तर द्यायचा. मास्तर मान हलवायचे, खिशातून एक लांबट निळी वही काढायचे, कानावरची पेन्सिल घेऊन दोन ओळी लिहायचे आणि वही पुन्हा खिशात. कुणाला दाखवायचे नाहीत.

आता मला सांगा, ह्याचा अर्थ कुणी काय घ्यावा?

बाकीच्यांना ते विक्षिप्त वाटायचे, बस्. महाडचा एक पेंटर होता आमच्यात, उंचीला घाबरायचा, मचाणाच्या दुसऱ्या मजल्यावर पाय लटलटायचे. त्याला घरी पाठवायच्या गोष्टी चालल्या होत्या. मास्तरांनी त्याला दोन शुक्रवार न्याहाळलं आणि मग स्वतःच्या गँगमध्ये मागून घेतला. म्हणाले, ह्याच्या डोळ्यातच पाणसळ हाय. आणि खरंच, लांबून बघून पेंटर सांगायचा, डावीकडे दोन मिलिमीटर कमी आहे, आणि मोजलं की दोनच निघायचे. पेंटर मास्तरांच्या पाया पडायचा बाकी होता. मी मात्र मनात म्हटलं, माणसं अशी एकेक करून का बांधून ठेवतोय हा?

त्या वर्षी माझ्या संशयाला कारणही होतं. मोठं काम संपत आलं होतं आणि निम्म्या माणसांना घरी पाठवणार, असं सगळे बोलत होते. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता. कंपनीने तो वाढवला तर राहणार, नाहीतर खलास, बॅग भरा. मुलगी बारावीला. तिला म्हटलं होतं, तू फक्त अभ्यास कर, पुढचं मी बघतो. फोनवर बायको रोज विचारायची, "काही कळलं का?" आणि मी रोज म्हणायचो, "कळेल." यादी कोण करतंय ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि माझ्या समोरच्या खाटेवर एक माणूस रोज निळ्या वहीत नावं लिहीत होता.

एकदा तर त्याने माझ्यासमोरच लिहिलं. आमच्या कामात टाकीच्या आत उतरायचं असेल तर आधी तिच्याकडे येणारे सगळे वाल्व बंद करून कुलपं लावतात. त्या कुलपांच्या किल्ल्या एका लाल पेटीत टाकतात आणि आत जाणारा प्रत्येकजण त्या पेटीवर स्वतःचं कुलूप लावतो, आपल्या नावाच्या पट्टीसकट. बाहेर आला की ज्याने त्याने आपलं काढायचं. एक जरी कुलूप पेटीवर असेल तर पेटी उघडत नाही, वाल्व सुरू होत नाही. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. दुसऱ्याचं कुलूप काढायचा हक्क कुणालाही नाही, साहेबाच्या बापालाही नाही.

मी माझं कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. मग जरा पुढे जाऊन परत येतो आणि पुन्हा बघतो. वाल्व बंद आहे असं कागदावर लिहिलेलं असलं तरी मी वाल्वपर्यंत जातो. पोरं हसायची. "अरे, बायकोवर तरी विश्वास आहे ना?" म्हणायची. त्या दिवशीही हसली. मी वळून बघितलं तर मास्तर हसत नव्हते. वही काढून लिहीत होते.

वेळ घालवतो, असं लिहिलं असणार. दुसरं काय लिहिणार?

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळत ठेवली. खोटं कशाला बोलू, बारीक पाळत ठेवली. ते फोनवर कुणाशी बोलतात, ऑफिसकडे किती वेळा जातात, वही झोपताना कुठे ठेवतात. वही उशीच्या अभ्र्यात असायची. दोनदा हात घालावासा वाटला, घातला नाही. त्यांनी मला एकदा आरशातून बघताना पकडलं. ओशाळल्यासारखं झालं. ते संत्रं सोलत होते, साल तुटली, संत्रं माझ्याकडे टाकलं आणि म्हणाले, "खा."

शेवटी मला राहवेना. एका बुधवारी दुपारी मी साइट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. दक्षिणेकडचे गृहस्थ, आमच्याशी हिंदीत बोलायचे. मी तक्रार केली नाही, हे मी आजवर स्वतःला शंभरदा सांगितलंय. मी फक्त विचारलं. "साब, मास्टर वो किताब आपके लिए लिखता है क्या?"

"कौन सी किताब?" साहेब म्हणाले.

त्यांचा चेहरा बदलला तेव्हाच मला कळलं की आपण काय केलं ते. त्यांना वहीचा पत्ताच नव्हता. त्यांनी एकामागोमाग एक प्रश्न विचारले. किसका नाम लिखता है? कब से? बाहर किसको देता है? मी 'मालूम नहीं, मालूम नहीं' म्हणत मागे सरत होतो आणि प्रत्येक 'मालूम नहीं'ने गोष्ट जास्तच काळी होत होती. मला वाटायचं मास्तर साहेबाचा माणूस. साहेबाला वाटलं मास्तर दुसऱ्या कंपनीचा माणूस, चांगले कामगार हेरून पळवणारा. संशय काय फक्त गुहागरातच पिकतो असं नाही.

तासाभरात मास्तरांना टाकीतून बोलावून घेतलं. वही काढून घेतली. तबूकला, सौदीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याच कंपनीचं दुसरं काम चाललं होतं, तिथे पाच माणसं संध्याकाळच्या बसने जायची होती. सहावं नाव घातलं. मी खोलीवर पोचलो तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. कॅलेंडर भिंतीवर तसंच. बुधवारची चौकट कोरी होती. त्या रात्री मी नीट जेवलो नाही, आणि का जेवलो नाही ते पेंटरने विचारल्यावर त्याच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता साहेबांनी बोलावलं. टेबलावर निळी वही.

"ये मराठी है। मुझे नहीं आता," ते म्हणाले. "तुमने बताया, तुम ही पढ़ो। हिंदी में बोलो। एक शब्द भी नहीं छोड़ना।"

मी उभ्याने वाचायला लागलो. प्रत्येक पानावर एक माणूस. महाडचा पेंटर: उंचीला भितो, डोळ्यात पाणसळ. मेसमधला वाढपी: भाजी बिघडवतो, पण दोनशे माणसांत कोण तिखट खात नाही ते तोंडपाठ, ह्याला स्टोअरमध्ये टाका. बिहारी मचाणवाला: आवाज खणखणीत, जड वजन उचलताना ह्याला मोजायला लावा, सगळ्यांचा जोर एकदम लागतो. असं पानामागून पान. कुणाचा दोष लिहिलाच नव्हता असं नाही, पण दोषाच्या पुढे 'पण' होतं आणि 'पण'च्या पुढे काहीतरी चांगलं. साहेब आधी खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते, मग हळूहळू मागे टेकले.

मधल्या काही पानांवर कॅलेंडरच्या आकड्यांचा हिशेब होता. मास्तर रोज स्वतःला शंभरपैकी मार्क द्यायचे! 'बासष्ट. जोड नीट बसला, पण हेल्परला शिवी दिली.' 'पासष्ट. अरबी तीन वाक्यं. घरी फोन ऱ्हायला.' 'एकोणचाळीस. पेंटर घरी जाणार म्हनत्यात, मला काय सुचलं न्हाई.'

मग एक पान उलटलं आणि मी थांबलो.

"क्यों रुका?" साहेब लगेच म्हणाले.

"मेरा है, साब."

"पढ़ो।"

मी वाचलं. 'गुहागरवाला. कुणावर विश्वास न्हाई. कुलूप तीनदा ओढून बघतो. लोक हसत्यात तरी बघतो. दुसऱ्यांची कुलपं पण बघतो, गुपचूप. वाल्व बंद हाय म्हटलं की जाऊन हात लावतो. फिटर म्हनून बरा हाय, लई न्हाई. तपासणीच्या कामात घातला तर माणसं वाचतील. साहेबास्नी सांगायचं, इकाम्याच्या आधी.' एवढं आधीचं, पुसट झालेलं. त्याखाली, अलीकडच्या दिवसातलं, ठळक: 'माझ्यावर पण नजर ठेवलीया. शाबास.'

त्या शेवटच्या शब्दाची हिंदी करायची गरज नव्हती, तरी मी ती केली. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "खलास," ते म्हणाले, "अभी तो गया वो।" मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं असावं. निदान त्यांनी वही परत मागितली नाही. मी ती खिशात टाकली.

शेवटचं पान मी बाहेर आल्यावर बघितलं. वर लिहिलं होतं 'मी'. खाली काहीच नाही.

साडेआठला टाकीचं काम संपलं. त्या सकाळी नऊजण आत गेले होते, नऊजण बाहेर आले, नऊ कुलपं निघाली. आणि पेटीवर दहावं कुलूप; काल काम अर्धंच राहिल्याने पेटी उघडायची वेळच आली नव्हती. पट्टीवर मास्तरांचं नाव.

सगळं ठप्प. जो माणूस संत्र्याची साल तुटली तर अस्वस्थ व्हायचा, तो कुलूप विसरून गेला होता. त्यांना कसं बोलावलं असेल, कसं हाताला धरून बसमध्ये बसवलं असेल, ते त्या कुलपाकडे बघून मला कळलं. कुलपाचा मालक साइटवर नसेल तर ते कापायचा एक नियम आहे: आधी त्याच्याशी बोलून तो आत नाही ह्याची खात्री करायची, मग साहेबाची सही, मग कटर. फोन कुणी करायचा? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खोली एक ना आमची.

कामाचे परवाने देतात त्या परमिटच्या केबिनमधून मी त्यांच्या मोबाइलवर फोन लावला.

"बोल मर्दा," मास्तर म्हणाले. "हाईल शहर मागं पडलं. दोन्ही अंगाला नुसती वाळू बघ. नंबरप्लेटी पण न्हाईत वाचाय."

"मास्तर, तुमचं कुलूप पेटीवर राहिलंय."

"माझं?" मग, "कालचे शून्य मार्क लिही."

"कापायचं आहे. तुम्ही आत नाही ना, तेवढी खात्री..."

"मग कर की खात्री. फोन उचलला म्हनून मी भाईर हाय असं धरू नको. आवाज कुणाचाबी असंल. मलाच ठाऊक असंल असं कायतरी विचार."

बाकीचे काय विचारतील ते मला माहीत नाही. माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या पानावर काय लिहिलंय?"

"कंच्या पानावर?"

"वहीतल्या. 'मी' म्हणून आहे त्या."

ते हळू म्हणाले, "कायबी न्हाई. कोरं हाय." आणि लगेच, "म्हंजे वाचलीस."

"वाचली. मास्तर, साहेबाकडे मी गेलो होतो. मीच."

"ते मागनं. आत बघितलंस का टाकीत?"

"तुम्ही हाईलच्या पुढे आहात, मास्तर!"

"बघितलंस का?"

"नाही."

"जा, बघून ये. मी फोन धरतो."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला. आत डोकवायचं म्हणून माझं कुलूप त्यांच्या कुलपाशेजारी लावलं, तीनदा ओढलं, आणि टॉर्च घेऊन आत उतरलो. टाकी रिकामी होती. ती रिकामी असणार हे मला ठाऊकच होतं. तरी मी चारही बाजू बघितल्या, तळ बघितला, शिडीच्या मागे बघितलं, आणि त्या रिकाम्या टाकीत मला रडू आलं. तोंड पुसून बाहेर आलो. त्यांनी फोन ठेवला नव्हता.

"न्हाई न्हवं मी तिथं?"

"नाही, मास्तर."

"मग काप."

पुढच्या महिन्यात मला तपासणीच्या टीममध्ये घेतलं. "किताब में लिखा था ना," एवढंच साहेब म्हणाले. माझा इकामा वाढला, ज्या माणसाला मी घालवलं त्याच्याच अक्षरावर वाढला. मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी दिवसभर वाल्व, जोड, कुलपं, सह्या तपासत फिरतो आणि त्याबद्दल कुणी हसत नाही. मास्तर तबूकलाच राहिले. साहेबांनी त्यांना परत बोलावण्याबद्दल लिहिलं होतं, मी दोनदा आठवण केली, पण तिकडच्या लोकांनी सोडलं नाही. तिथेही त्यांनी माणसं हेरायला सुरुवात केली असणार. क्रेनच्या इशाऱ्यांची परीक्षा ते चौथ्या खेपेला पास झाले.

शुक्रवारी त्यांचा फोन येतो. मी साहेबाकडे गेलो होतो ह्यावर ते कधीच बोलले नाहीत, आणि मी तो विषय काढला की ते अरबी आकडे म्हणायला लागतात. सुरुवातीला मला ह्यातही काहीतरी डाव वाटायचा. पण प्रत्येक फोनच्या शेवटी एकच प्रश्न: "माझं पान लिहिलंस का रं? तुझी नजर वंगाळ हाय, तू खरं लिहिशील."

दोन वर्षं मी 'बघतोय अजून' म्हणत होतो. टाळत नव्हतो. जन्मभर दुसऱ्याच्या अंगात काय आहे ते शोधणाऱ्या आणि स्वतःला रोज नापासाच्या जवळपास मार्क देणाऱ्या माणसाच्या पानावर घाईने काही लिहायचं नव्हतं. गेल्या शुक्रवारी लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं, वही मिटली, खिडकीपर्यंत जाऊन आलो, पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

फोन आला तेव्हा मी म्हटलं, "लिहिलंय."

"वाच."

"'माणूस ओळखतो. स्वतःला सोडून.'"

अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "खात्री हाय न्हवं?"

"तीनदा ओढून बघितलं, मास्तर."